डेक्कन क्वीन पुण्याला पोहोचेपर्यंत ३१८ कोटी

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग डोळ्यांसमोर आणा. कळंबोलीपासून देहूरोडपर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदर, सगळे मिळून साडेबावीस मीटर रुंदी. आता त्यावरची वाहने काढा आणि ५०० रुपयांच्या कोऱ्या नोटा एकमेकींना खेटून अंथरायला घ्या. घाट, बोगदे, पूल, काही म्हणता काही वगळायचे नाही. एक थर पुरा व्हायला साडेएकवीस कोटी नोटा लागतात, म्हणजे जवळजवळ १० हजार ७०० कोटी रुपये. त्यावर दुसरा थर द्या. तिसरा द्या. शंभरावा द्या. हजारावा झाला तरी नोटा शिल्लकच आहेत! १,३३० व्या थराला त्या संपतात. तोवर अख्ख्या रस्त्यावर १३ सेंटीमीटर उंच नोटा साचलेल्या असतात. पाय ठेवाल तर घोटा बुडेल. कळंबोलीत बुडेल, खंडाळ्यात बुडेल, देहूरोडलाही बुडेल.

ही बचत एका शहराची आहे. अबू धाबीची.

संयुक्त अरब अमिरातीच्या या राजधानीतले सरकारी गुंतवणूक निधी मिळून १.७ ट्रिलियन डॉलर सांभाळतात, असा अंदाज ग्लोबल एसडब्ल्यूएफ या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडला. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरातून तेव्हा एवढ्या सरकारी पैशाचा कारभार चालत नव्हता. एक ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये, आपल्या मोजणीत एक लाख कोटी. डॉलरला तेव्हाचा ८४ रुपयांचा भाव लावू आणि पुढचे सगळे हिशेब त्याच भावाने करू. उत्तर येते १४३ लाख कोटी रुपये.

हा आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही. त्याला फोडावा लागतो. केंद्र सरकारचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प ४८ लाख कोटींचा होता. रेल्वे, लष्कर, पगार, व्याज, अनुदाने, सगळे त्यात आले. असे जवळजवळ तीन अर्थसंकल्प या रकमेतून निघतात. महाराष्ट्राचा त्याच वर्षीचा अर्थसंकल्प ६ लाख कोटींच्या थोडा वर. म्हणजे आपले राज्य २३ वर्षे एक पैशाचाही कर न घेता चालेल. आणि त्या महामार्गावर अंथरलेल्या नोटा? तेवढ्या नोटा भारतात अस्तित्वातच नाहीत! मार्च २०२४ मध्ये देशभर चलनात असलेल्या सगळ्या नोटांची किंमत ३५ लाख कोटींच्या आत होती. तुमच्या पाकिटातली, बँकेच्या तिजोरीतली, देवळाच्या दानपेटीतली, प्रत्येक नोट गोळा केली तरी अबू धाबीच्या रकमेचा एक चतुर्थांश जेमतेम भरतो.

मोजायचे म्हटले तर सेकंदाला एक नोट या वेगाने, झोप आणि जेवण सोडून, ९ हजार वर्षे लागतील. न्यायचे म्हटले तर नोटेचे वजन ग्रॅमभर धरा, एका मालगाडीत ३,८०० टन भरा. ७५ मालगाड्या लागतील. एकीमागे एक उभ्या केल्या तर इंजिन सीएसएमटीला आणि शेवटचा डबा डोंबिवलीच्या पलीकडे.

आता एक पायरी खाली उतरू, कारण हा झाला साचलेला साठा. देशादेशांची तुलना करताना अर्थशास्त्रज्ञ पाहतात तो साचण्याचा वेग: राष्ट्रीय बचतीचा दर. वर्षभरात देशाने १०० रुपये मिळवले, त्यातले खाण्यापिण्यावर, कपड्यालत्त्यावर, सरकारी चालू खर्चावर संपले ते वजा करा. उरले ते बचत. ती घरांची असते, कंपन्यांची असते, सरकारचीही असते. जगाची सरासरी पंचवीस रुपयांच्या थोडी वर जाते. अमेरिका शंभरातले १७ ते १८ रुपये राखते. भारत ३० च्या आसपास. चीन तब्बल ४३! पंधरा वर्षांपूर्वी तर चीन शंभरातले पन्नासाहून जास्त रुपये बाजूला ठेवत होता. आपणही काही कमी धाव घेतलेली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५०-५१ मध्ये आपला दर ९ टक्क्यांच्या आसपास होता, २००७-०८ मध्ये तो ३७ टक्क्यांना जाऊन भिडला. दोन पिढ्यांत चौपट.

अमिरातीचा दर तिशीच्या पुढे राहतो. मग त्यात विशेष ते काय, भारतासारखाच तर आहे, असे वाटेल. इथेच खरी गंमत सुरू होते, कारण दर सारखा असला तरी रक्कम सारखी नसते. भारताने वर्षभरात शंभरातले तीस राखले की माणशी ६३ हजार रुपये साठतात. अमेरिका उधळी म्हणून प्रसिद्ध, शंभरातले सतराच राखते, पण तिची माणशी बचत होते जवळजवळ १२ लाख रुपये. आपल्या एकोणीसपट! अमिरातीचा दर कमीत कमी ३० धरला, कोटीभर लोकवस्तीने भागले, तर माणशी १२ लाखांच्या थोडे वर. म्हणजे दर भारताचा आणि माणशी रक्कम अमेरिकेची, असा हा देश आहे.

दुसऱ्या बाजूनेही पाहा. अबू धाबीचा हा सारा डोंगर, १४३ लाख कोटींचा, आज शून्यापासून रचायचा असेल तर कुणाला किती वेळ लागेल? सगळ्या अमेरिकेने आपली सगळी बचत त्यात ओतली तर १३२ दिवस. भारताला दीड वर्षाहून थोडे अधिक. चीनला ८१ दिवस! गणपतीत सुरुवात केली तर दिवाळीच्या थोडे पुढे काम संपलेले. मात्र चीनमध्ये ओतायला १४१ कोटी माणसे आहेत. अबू धाबी शहर आणि त्याच नावाचा प्रांत मिळून लोकवस्ती २०२३ च्या जनगणनेत ३८ लाख भरली, आणि त्यातही बहुतेक लोक बाहेरून कामाला आलेले.

आणि ही अबू धाबी काही शतकानुशतकांची श्रीमंत नव्हे. शंभर वर्षांपूर्वी तिथली कमाई म्हणजे मोती. उन्हाळ्याचे चार महिने माणसे नाकाला चिमटा लावून, दम कोंडून समुद्रात बुडी मारायची. मोती मुंबईच्या बाजारात यायचे आणि त्यांचा मोबदला रुपयांत जायचा. १९३० च्या दशकात जपानने संवर्धित मोत्यांनी बाजार भरून टाकला आणि हा धंदा बसला. रुपया मात्र तिथेच राहिला. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. भारतीय रुपये आखातात नेऊन सोन्याची तस्करी चालायची, तिला आळा घालायचा हा उपाय होता. दहाची नोट लाल, शंभराची हिरवी. त्या छापल्या जायच्या आपल्या नाशिकला! आज जगाला पैसा पुरवणाऱ्या शहराच्या गाठीला तेव्हा नाशिकरोडच्या छापखान्यातल्या नोटा होत्या, आणि ही गोष्ट आजच्या सत्तरीतल्या माणसाच्या हयातीतली आहे.

६ जून १९६६ ला भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४.७६ रुपयांवरून थेट साडेसात रुपयांवर. कुणाच्या पेटीत १० हजार आखाती रुपये असतील तर आदल्या दिवशी त्यांचे २,१०० डॉलर होत होते, नव्या भावाने १,३३३. एका रात्रीत बचतीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा तुकडा गेला! आखाती संस्थानांनी लगेच रुपया सोडला. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला, दुबईने कतारबरोबर मिळून रियाल काढला, आणि संयुक्त देश झाल्यावर १९७३ मध्ये दिरहम आला. अवमूल्यनानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ६ ऑगस्ट १९६६ ला, अबू धाबीत शेख झायेद सत्तेवर आले. त्यांच्या आधीचे शासक, त्यांचेच थोरले बंधू शेख शखबूत, बँकांवर विश्वास न ठेवणारे म्हणून ओळखले जात. तेलाची पहिली निर्यात १९६२ मध्ये झाली होती आणि पैसा खर्च करावा की साठवून ठेवावा, यावर शखबूत साठवण्याच्याच बाजूचे होते. झायेद यांनी दोन्ही केले. शाळा, रस्ते, इस्पितळे बांधली आणि उरलेल्या पैशासाठी १९७६ मध्ये अबू धाबी इन्व्हेस्टमेंट ऑथॉरिटी स्थापन केली. आडिया म्हणून ती ओळखली जाते. त्या १४३ लाख कोटींतला सर्वांत मोठा वाटा तिचाच.

पैसा आला वाळूखालून, आणि वाळूखाली अजून किती आहे ते ऐका. अमिरातीचा सिद्ध तेलसाठा २०२२ च्या सुमारास ११ हजार ३०० कोटी बॅरल सांगितला जात होता. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. गुणाकार करा: १८ लाख कोटी लिटर. लिटरमध्ये कळत नाही, म्हणून आपल्या धरणांच्या मापात आणू. ६३४ टीएमसी! कोयनेचे धरण काठोकाठ भरले की १०५ टीएमसी पाणी मावते. शिवसागर जलाशय हेळवाकपासून तापोळ्यापर्यंत तुडुंब भरलेला डोळ्यांपुढे आणा, पाण्याऐवजी काळे तेल, आणि अशी सहा धरणे एकापुढे एक. एवढे तेल त्या वाळूखाली पडून आहे.

त्यातून २०२४ मध्ये रोज सुमारे २९ लाख बॅरल वर येत होते, म्हणजे ४६ कोटी लिटर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जलदूत एक्स्प्रेस आठवते? पन्नास वाघिणी, एका खेपेला २५ लाख लिटर. सारा महाराष्ट्र त्या गाडीकडे डोळे लावून बसला होता. तेलाने भरलेल्या तशा १८४ गाड्या रोज. दर आठ मिनिटांनी एक जलदूत सुटते, रात्री सुटते, पहाटे सुटते, ईदच्या दिवशीही सुटते. आणि या वेगाने उपसा चालू राहिला तरी सहा कोयना रिकाम्या व्हायला शंभराहून जास्त वर्षे लागतील.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बापजाद्यांचे शेत विकून आलेले पैसे कुणी बँकेत ठेवले तर त्याला आपण कमाईतली बचत म्हणत नाही, कारण शेत गेलेले असते. तेलाचेही तसेच आहे. जमिनीखालची शिल्लक उचलून कागदावर आणली, एवढेच घडते. म्हणूनच जागतिक बँक साध्या बचतीच्या दराबरोबर दुसरा एक दरही काढते, त्यात उपसलेल्या तेलाची आणि खनिजांची किंमत वजा केलेली असते. तेलवाल्या देशांचा रुबाब तिथे बराच उतरतो. अबू धाबीने हे फार लवकर ओळखले. शेत जाणारच असेल तर त्याच्या पैशांतून दुसरे शेत उभे राहिले पाहिजे, आणि त्या दुसऱ्या शेताचे उत्पन्न पहिल्याएवढे तरी हवे.

तेवढे झाले का? चला, तपासू.

आडियाने २०२४ च्या अहवालात गेल्या तीस वर्षांतला आपला सरासरी वार्षिक परतावा ७.१ टक्के दिला आहे. या वेगाने १०० रुपयांचे तीस वर्षांत ७८० होतात. आपण हात आखडता घेऊ आणि अबू धाबीच्या सगळ्या निधींवर मिळून ६ टक्केच धरू. १४३ लाख कोटींवर ६ टक्के म्हणजे वर्षाला साडेआठ लाख कोटी. दिवसाला २,३४७ कोटी. तासाला ९८ कोटी. मिनिटाला १ कोटी ६३ लाख. सेकंदाला २ लाख ७२ हजार रुपये! संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी सीएसएमटीहून डेक्कन क्वीन सुटते आणि सव्वातीन तासांनी पुण्याला पोहोचते. तेवढ्या वेळात, कुणी खुर्चीतून न उठता, ३१८ कोटी रुपयांची भर. दादर येईपर्यंतच वीसएक कोटी झालेले असतात, कर्जतला गाडीला मागून इंजिने जोडली जाईपर्यंत दीडशे कोटी ओलांडलेले.

आता तेल. बॅरलला ७५ डॉलर भाव धरला तर त्या १८४ जलदूतांची रोजची किंमत होते १,८२७ कोटी रुपये. पुन्हा वाचा. तेल रोज १,८२७ कोटींचे, बचतीवरचा परतावा रोज २,३४७ कोटींचा. तेलाच्या रकमेतून उपशाचा खर्च तर अजून वजाच केलेला नाही! दुसरे शेत पहिल्यापेक्षा जास्त पिकू लागले आहे. पन्नास वर्षांत. हा ताळा जुळला तेव्हा मी तो पुन्हा मांडून पाहिला, इतका आनंद झाला.

सगळी वर्षे सरासरीसारखी नसतात, हेही खरे. नोव्हेंबर २००७ मध्ये आडियाने अमेरिकेच्या सिटीग्रुपमध्ये साडेसात अब्ज डॉलर घातले, आपल्या ८४ च्या भावाने ६३ हजार कोटी रुपये, आणि पुढच्या दीड वर्षात त्या बँकेचा शेअर रसातळाला गेला. एवढा घाव दुसरा कुणी असता तर उठला नसता. अबू धाबी उठली, आणि दोनच वर्षांनी तिने शेजाऱ्याला उचलले. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्जफेडीला मुदत मागितली. तिच्या डोक्यावर ५९ अब्ज डॉलरची देणी होती. १४ डिसेंबरला अबू धाबीने १० अब्ज डॉलर काढून दिले, म्हणजे ८४ हजार कोटी रुपये, एका दिवसात जाहीर. तीन आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज दुबईचे उद्घाटन झाले आणि त्याच क्षणी तिचे नाव बदलले: बुर्ज खलिफा, अबू धाबीच्या तेव्हाच्या शासकांच्या नावावरून. जगातली सर्वांत उंच इमारत! तिचा खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर सांगतात. अबू धाबीच्या निधींतून अशा १,१३३ इमारती उभ्या राहतील.

बचत फक्त पैशाचीच केली असेही नाही. अबू धाबी शहराच्या नैऋत्येला लिवाचे वाळवंट आहे, डोंगराएवढ्या टेकड्यांचे. समुद्राचे पाणी गोडे करून, नळाने तिथवर नेऊन, वाळूखाली मुरवून ठेवले आहे. सत्तावीस महिने पाणी भरत होते! जानेवारी २०१८ मध्ये हा साठा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले: २,६०० कोटी लिटर. आपल्याकडची तीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर तोंडापर्यंत भरली तर तिच्यात आठ लाख लिटर पाणी मावते. अशा साडेबत्तीस हजार विहिरी भरतील एवढे पाणी जवळजवळ पाऊस नसलेल्या जागी पुरून ठेवले आहे, आणि ते वर काढायला ३१५ विहिरी तयार आहेत. समुद्राचे पाणी गोडे करणारी केंद्रे उद्या बंद पडली तर दहा लाख माणसांना तीन महिने पुरेल. असा साठा जगात दुसरा नाही.

आता महाराष्ट्रातला कुठलाही अभियंता विचारेल तो प्रश्न: एवढ्या पैशात अटल सेतू किती होतील? शिवडी ते न्हावा शेवा, २१.८ किलोमीटर, १७ हजार ८४० कोटी. भागाकार करा. आठ हजार! एकापुढे एक जोडत नेले तर पावणेदोन लाख किलोमीटर लांबीचा पूल होतो. शिवडीहून निघायचे, अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक, अमेरिका, पॅसिफिक ओलांडून परत शिवडीला यायचे. दुसरी फेरी. तिसरी. चौथी पुरी झाली तरी रस्ता उरतोच, समोर अजून १४ हजार किलोमीटर पूल पसरलेला.

इथे थांबता आले असते. पण मला सर्वांत जास्त थक्क करणारा आकडा अबू धाबीच्या निधींचा नाही. तो त्याच देशात, त्याच उन्हात राबणाऱ्या माणसांचा आहे.

राष्ट्रीय बचतीच्या तक्त्यात एक गोष्ट लपून जाते. अमिरातीत परदेशी माणसाने कमावलेला पैसा तिथल्या उत्पन्नात धरला जातो, पण तो घरी पाठवला की तिथल्या बचतीतून वजा होतो आणि दुसऱ्या देशाच्या खात्यात उमटतो. २०२२ मध्ये असे जवळजवळ ४० अब्ज डॉलर अमिरातीतून बाहेर गेले. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नातले शंभरातले आठ रुपये! म्हणजे बर दुबईतल्या एका खोलीतली काटकसर अमिरातीच्या बचतीच्या दरात सापडत नाही. ती खेडमध्ये सापडते, चिपळूणमध्ये, म्हसळ्यात, श्रीवर्धनमध्ये, माणगावमध्ये.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशांतून भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले, त्यांतले १९.२ टक्के एकट्या अमिरातीतून. २२.८ अब्ज डॉलर. रुपयांत १ लाख ९१ हजार कोटी. आणि पैसे येणाऱ्या राज्यांत पहिला क्रमांक कुणाचा? महाराष्ट्राचा! केरळला मागे टाकून २०.५ टक्के. मुंबईतल्या बँकांच्या मोठ्या खात्यांचा त्यात हात आहे हे मान्य, पण कोकणातल्या घरोघरच्या एनआरई पासबुकांचाही आहे.

पाठवणारे कोण? त्या वर्षी अमिरातीत साडेपस्तीस लाख भारतीय होते. तान्ही बाळे आणि शाळकरी मुले धरून भागाकार केला तरी माणशी वर्षाला ५ लाख ४० हजार रुपये, महिन्याला ४५ हजार. भारतातल्या माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न तेव्हा १ लाख ८४ हजार होते. म्हणजे इथला माणूस वर्षभरात जेवढे मिळवतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट तिथला माणूस खाऊनपिऊन, भाडे भरून, घरी पाठवतो. त्यातले कितीतरी जण स्वतःसाठी खोलीही घेत नाहीत. बेड स्पेस घेतात, म्हणजे एका खोलीतला फक्त पलंग. स्वयंपाकाची पाळी लावतात किंवा मेस लावतात, पगार झाला की एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहतात आणि आज रेट काय चालला आहे ते पाहतात. रेट हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, आणि का नसावा? दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला आहे, जराही हललेला नाही. रुपया हलला. तेव्हा हजार दिरहम पाठवले की घरी दहा हजार रुपये मिळत, ऑक्टोबर २०२४ च्या भावाने बावीस हजार आठशेच्या वर.

सक्तीची बचतही आहे. अमिरातीच्या कायद्याने नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे दरवर्षी ३० दिवसांचा. मूळ पगार ३ हजार दिरहम असलेला माणूस वीस वर्षांनी परतला तर ५५५ दिवसांचा पगार, ५५ हजार ५०० दिरहम, घेऊन येतो. पावणेतेरा लाख रुपये. अबू धाबीच्या निधींना एवढे कमवायला पाच सेकंदही लागत नाहीत. त्याने त्यासाठी वीस वर्षे दिलेली असतात, आणि म्हणून ते पावणेतेरा लाख मला त्या १४३ लाख कोटींहून मोठे वाटतात.

आता हे छोटे छोटे पैसे एकत्र करून पाहा. अमिरातीतून भारतात १ लाख ९१ हजार कोटी वर्षाला, म्हणजे दिवसाला ५२४ कोटी. तासाला जवळजवळ २२ कोटी. सेकंदाला ६० हजार रुपये! डेक्कन क्वीन पुण्याला पोहोचेपर्यंत ७१ कोटी. कुणाचे पाचशे दिरहम, कुणाचे दोन हजार, कुणाचे सुटीआधीचे आठशे.

या वेगाने एक वर्ष मोजत जाऊ. १ जानेवारीला सुरुवात केली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे बांधायला तेव्हाच्या भावाने साडेतीन हजार कोटी लागले होते. तो पैसा ७ जानेवारीला जमा. पुढे अटल सेतूचे १७ हजार ८४० कोटी. ते १० फेब्रुवारीला पूर्ण. मग मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, सुमारे ५५ हजार कोटी. तो मे महिन्याच्या अखेरीस हातावेगळा. कोकणची रेल्वे झाली, समुद्रावरचा पूल झाला, राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रस्ता झाला. अजून मृग लागलेले नाही आणि वर्षाचे सात महिने बाकी आहेत.